पाचवा गिअर

पाचव्यातून गिअर आपोआप सुटतो म्हणता? बसा साहेब, त्या स्टुलावर बसा. लाईट गेलीय आणि आज ती लवकर यायची नाही. गाडीखाली शिरायचं तर उजेड पाहिजे. तोवर हा कंदील पुरेल. चहा सांगितलाय, येईल एवढ्यात.

गाडी मी लांबूनच ओळखली. आधी ती गर्द हिरवी होती, आता कुणीतरी तिला हा लाल रंग फासलाय. पण रंगानं काय होतंय? त्या नाकाच्या आत रेडिएटर पुढं सरकवायला पत्रा मीच कापलाय. तुमच्या पायाशी जो उंचवटा आलाय, तोही माझ्याच हातचा. तुम्ही ती कुंडलच्या शंभूराजकडून घेतलीत ना? मग त्यानं तुम्हाला घाटाची गोष्टही सांगितली असेल. ब्रेक गेले, समोर दरी, आणि पठ्ठ्यानं एकेक गिअर खाली घेत गाडी थांबवली. सांगली-साताऱ्यात ज्याला त्याला सांगत फिरतो. एकदा तर माझ्यासमोर सांगितली, माझ्या तोंडाकडे बघत. माझ्या हातात तेव्हा पाना होता. लोकांनी तो काढून घेतला म्हणून निभावलं.

मी तापट आहे, हे या माधवनगर रस्त्यावर कुणालाही विचारा. पण खोटारडा नाही. त्या दिवशी गाडीत डाव्या सीटवर मी बसलो होतो. गिअर कुणी टाकले ते मी पाहिलंय. तुम्ही गाडीचे मालक, तुम्हाला ते कळलं पाहिजे.

शहाण्णव सालची गोष्ट. गणपती नुकतेच उठले होते. शंभूराज ही गाडी घेऊन आला आणि मागून एका टेम्पोत इंजिन आलं. जपानी, सहा सिलिंडरचं, सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स. मुंबईच्या जुन्या इंजिनांच्या बाजारातून उचलून आणलेलं.

"मिस्त्री, गाडीतलं काढायचं आन् हे बसवायचं," तो म्हणाला. "दिवाळीनंतर पसरणी घाटात पुण्याच्या क्लबाची शर्यत हाय. खालनं वर. ह्या जुन्या डबड्यानं आपल्याला कोण विचारतंय?"

गाडी त्याच्या वडिलांची. नाथाजीराव, पलटणीत मेजर होते. बेळगावला असताना एका गोऱ्या मळेवाल्याकडून त्यांनी ही विलायती दोन सीटची उघडी गाडी घेतली होती. मी शिकाऊ होतो तेव्हापासून ती गाडी माझ्या हाताखालून जात होती. मेजर स्वतः बाजूला उभे राहायचे. चार सिलिंडरचं ते इंजिन रेसवर धरलं की सगळा पत्रा थरथरायचा, आणि आवाज असा, की कुंडलच्या वेशीवर गाडी आली तरी वाड्यावस्तीला कळायचं. गावात त्यांना आबासाहेब म्हणत. आबासाहेब आले म्हणून लोक रस्त्यातली बैलं बाजूला घ्यायचे.

"आबांना विचारलंय?" मी शंभूराजला म्हटलं.

"आबांनीच सांगितलं. म्हणले, पोरा, आता तुझी गाडी, तुला पायजे ते कर."

आबा आजारी आहेत एवढंच मी ऐकलं होतं. मी काम हातात घेतलं.

साहेब, एका गाडीचं इंजिन दुसरीत बसवणं म्हणजे बोल्ट काढून बोल्ट लावणं नव्हे. सहा सिलिंडर एका रांगेत, म्हणजे इंजिन लांब. पुढं रेडिएटर आड येतो, मागं ड्रायव्हरच्या पायापुढचा पत्रा. खालची ऑइलची टाकी पुढच्या आडव्या दांड्याला अडते, ती कापून पुन्हा वेल्डिंग करावी लागते. इंजिन ज्यावर बसतं ती फौंडेशनं नव्यानं घडवायची. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड करायचा आणि तो साताऱ्याला नेऊन तोलून घ्यायचा, नाहीतर गाडी थडथडते. हे सगळं मी केलं आणि मन लावून केलं. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होतो, की ब्रेक बदला. जुने ड्रम जुन्या इंजिनाच्या ताकदीचे होते. शंभूराज म्हणायचा, शर्यत चढणीची हाय, ब्रेक कशाला लागत्यात? असल्या माणसाला काय सांगायचं?

जुनं इंजिन मी चेन पुलीनं उचललं आणि त्या तिकडच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत राजनंदिनी आली. शंभूराजची थोरली बहीण. गावच्या शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आबांचं सगळं तीच बघायची. ती रिक्षातून उतरली आणि सरळ त्या कोपऱ्यात गेली. ठोकळ्यांवरच्या इंजिनाकडे बघत उभी राहिली.

"कृष्णातदादा, तुमी काढलंत हे?"

"आबांनी सांगितलं म्हणून काढलं, ताईसाहेब."

"आबांनी?" ती माझ्याकडे वळली. "आबांची वाचा गेली त्याला वरीस होत आलं. उजवं अंग गेलंय. ते सांगणार कसं?"

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मुक्या बापाच्या तोंडी शब्द घालून पोरानं माझ्या हातून काम करून घेतलं होतं.

मग तिनं सांगितलं ते असं. रोज दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला की ती गाडी आबांच्या खिडकीखाली आणायची आणि चालू ठेवायची. आबांचं डावं अंग तेवढं शाबूत. इंजिनाचा आवाज आला की डोळे उघडायचे. डावा हात गोधडीवर सरकायचा, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. गोधडीखाली डावा पाय क्लच दाबायचा. त्या हातात पलटणीची अंगठी, ती दिव्यात चमकायची. असे ते मनातल्या मनात कुठंकुठं हिंडून यायचे आणि शेवटी डाव्या हातानं हँडब्रेक ओढायचे. मगच तोंड उघडायचे आणि दोन घास खायचे.

"गाडी न्हेल्यापासून डोळं उघडलं न्हाईत," ती म्हणाली. "पेज भरवली तर ओघळून जाती. टेपवर आवाज भरून ठेवलेला, तो ऐकवला. त्यांना कळलं ते खोटं हाय. तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, दसरा बघतील असं वाटत न्हाई. हे इंजिन परत बसवा, दादा. एवढंच करा."

मी तिला शब्द दिला. शंभूराजला त्याच दिवशी बोलावून तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे ऐकत होता. "कागद माझ्या नावावर हायत, मिस्त्री," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, कागद घाल चुलीत, शाफ्ट साताऱ्याहून आणला की मी आधी जुनं इंजिन टेम्पोत टाकून तुझ्या बापाच्या खिडकीखाली चालू करणार आहे. पाण्याचं पिंप, पेट्रोलचा डबा आणि बॅटरी, बाकी काय लागतं?

हे मी त्याला सांगायला नको होतं. मी साताऱ्याला गेलो आणि इकडे तो दुसऱ्या कुठल्याशा गॅरेजचा माणूस घेऊन आला. सिद्धू, माझा फिटर, आडवा आला तर त्याला म्हणाला की मालक मी आहे. मी परत येऊन बघतो तर ठोकळ्यांवर नुसता ब्लॉक, इंजिनाचा पोकळ सांगाडा. हेड काढून बाजूला टाकलेलं, खालचं क्रँक काढून नेलेलं, चारही पिस्टन गायब. सिलिंडरच्या भोकांतून खालची फरशी दिसत होती.

"पिस्टनचं ॲशट्रे करणार हाय," शंभूराज फोनवर म्हणाला. "म्हंजे परत बसवायचं खूळ तुमच्या डोक्यातनं जाईल."

"शंभ्या, बाप मरतोय तुझा."

"म्हातारी माणसं मरत्यातच, मिस्त्री."

मी फोन आपटला. पण थोड्या वेळानं त्यानंच परत फोन केला. गाडी पुरी करून घाटात एक चाचणी करून द्या, तुम्ही स्वतः शेजारी बसा, काही खडखडलं तर बघा. मग पिस्टन देतो, क्रँकही देतो, म्हाताऱ्याला काय ऐकवायचं ते ऐकवा. मला त्याच्या तोंडाला काळं फासावंसं वाटत होतं. पण चार पिस्टन त्याच्या कपाटात होते आणि त्यांच्यावर एका माणसाचा घास अडला होता. मी हो म्हटलं.

खंडेनवमीला गाडी पुरी झाली.

त्या दिवशी आमच्याकडे कशी रीत असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, पाने, हातोड्या, जॅक, वेल्डिंगचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, नारळ. मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सगळ्या रस्त्यावर एरवी ठोकाठोक चाललेली असते, त्या दिवशी चिडीचूप. लेथ बंद, कॉम्प्रेसर बंद. उदबत्तीचा वास आणि ऊन.

सकाळी राजनंदिनी पूजेचं ताट घेऊन आली. "घरी दर साली आबा गाडीच्या इंजिनाला स्वतः कुंकू लावायचे," ती म्हणाली. "तलवारीच्या आधी." तिनं ताटातून एक विड्याचं पान काढलं. आबांचा डावा अंगठा कुंकवात बुडवून तिनं त्या पानावर टेकवून आणला होता. ते पान तिनं पोकळ ब्लॉकवर ठेवलं, वर झेंडूचा हार घातला आणि हात जोडले. नव्या इंजिनाकडे तिनं बघितलंही नाही. मीही त्याला कुंकू लावलं नाही. राग होता माझा त्याच्यावर, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष असला तरी.

दुपारी, ती निघायच्या आत, शंभूराज आला. गाडी आत्ताच चालू करा म्हणाला, उद्या सीमोल्लंघनाला घाटात न्यायची आहे.

"आज हत्यार उचलायचं न्हाई," मी म्हटलं. "बॅटरीची तार तेवढी आवळायची राहिलीय, ती उद्या सकाळी."

तो हसला. मांडलेल्या पूजेतून त्यानं एक पाना उचलला, त्यावरचं फूल फुंकरीनं उडवलं, तार आवळली आणि चावी फिरवली.

सहा सिलिंडर एकदम उठले. काय इंजिन होतं साहेब, खोटं का बोलू. वर रुपयाचं नाणं उभं ठेवलं तर पडलं नसतं. नुसती एक रेशमी घरघर. शंभूराजनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आणि त्या घरघरीखालून दुसरा आवाज यायला लागला.

धग... धग... धग... धग.

मी आधी बोनेटवर हात ठेवला. तिथं काही नव्हतं. आवाज मागून येत होता. राजनंदिनी हळूहळू कोपऱ्याकडे वळली. मी तो आवाज जन्मभर ऐकत आलो होतो. रेसवर धरलेलं चार सिलिंडरचं इंजिन. त्याच्या शेजारची काचेची तावदानंसुद्धा थरथरत होती.

"बंद कर," मी शंभूराजला म्हटलं.

त्यानं चावी फिरवली. सहा सिलिंडर गप्प झाले. कोपरा चालूच राहिला. सगळा रस्ता मुका, आणि पिस्टन नसलेला, क्रँक नसलेला, तेलाचा थेंब नसलेला एक रिकामा ब्लॉक धडधडत होता... मग गाडी थांबवतात तसा तो मंद होत थांबला.

"घुमतंय पत्र्याखाली," शंभूराज म्हणाला. त्यानं गाडी बाहेर काढली आणि निघून गेला.

मी कोपऱ्यात गेलो. झेंडूचा हार करपून काळा झाला होता. विड्याचं पान मात्र हिरवंगार, वरचा कुंकवाचा ठसा ओला. ब्लॉकला हात लावला आणि चटकन मागे घेतला. या बोटावर अजून डाग आहे, हा बघा.

संध्याकाळी राजनंदिनीचा कुंडलहून फोन आला. आबांजवळ बसणाऱ्या रंगुबाईनं सांगितलं होतं, दुपारी ताईसाहेब सांगलीत असताना आबांचा हात हलला. रंगुबाई म्हणाली, "पिठाच्या गिरणीचा दांडा धरल्यावानी हात हालीवला बगा, आन् पेज प्याली दोन चमचं." राजनंदिनी बोलताना हसत होती आणि रडत होती. म्हणाली, "दादा, पिस्टन तेवढे आणा."

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी शंभूराजनं मला सांगलीतून उचललं आणि आम्ही वाईला गेलो. पसरणी घाट चढताना गाडी वाऱ्यासारखी गेली. वर पाचगणीच्या अलीकडे थांबवून मी चाकं बघितली. चढण असूनही वळणावळणावर त्यानं इतके ब्रेक मारले होते की ड्रम तापले होते.

"अर्धा तास थांब," मी म्हटलं. "थंड होऊ दे. आन् उतरताना तिसऱ्याच्या वर जायचं न्हाई."

"झाली तुमची चाचणी," तो म्हणाला. "चला, पिस्टन पायजेत न्हवं?"

आणि लगेच वळवली गाडी. दिवस मावळत आला होता. खाली वाईतले दिवे लागायला लागले होते, धोम धरणाच्या पाण्यावर शेवटचा उजेड होता. पहिल्या दोन वळणांनंतर त्यानं पाचवा टाकला. उतारावर पाचवा! खालच्या गिअरात इंजिन गाडीला धरून ठेवतं, पाचव्यात ती मोकाट सुटते. मी ओरडलो. तो हसत होता. मला घाबरवायचं होतं त्याला, दुसरं काही नाही. त्या एवढ्याशा मजेसाठी.

मग ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. शंभूराजचं हसू गेलं. त्याचा पाय खाली फरशीपर्यंत गेलेला मी पाहिला.

"मिस्त्री... ब्रेक न्हाई..."

"गिअर खाली घे!"

त्यानं दांडा ओढला, पण क्लच दाबायचंही भान नव्हतं. मग त्यानं तो प्रयत्नच सोडला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं आणि दोन्ही पाय मेलेल्या ब्रेकवर रोवले. समोर एक वळण कसंबसं गेलं. पुढचं दिसत होतं, दगडी बुटका कठडा आणि त्यापलीकडे काही नाही.

आणि क्लच खाली गेला.

मी त्याच्या पायांकडेच बघत होतो, साहेब. दोन्ही पाय ब्रेकवर. क्लचचं पायडल आपलं आपण फरशीला टेकलेलं. कुणीही दाबत नव्हतं. गिअरचा दांडा थडथड हलायला लागला. पुढं-मागं, पुढं-मागं, पण सुटत नव्हता. कुणीतरी तो ओढत होतं आणि त्याला वाट सापडत नव्हती.

"ओढतंय... कुणीतरी ओढतंय..." शंभूराज पुटपुटत होता.

मी गिअर धरायला हात टाकला. दांड्यावर हात होता. दिसत काही नव्हतं, पण माझ्या तळव्याखाली हात होता, हाडकुळा, तापलेला, आणि त्यातली अंगठी माझ्या बोटाला रुतली. मला एकदम कळलं. त्यांच्या गाडीला चारच गिअर होते. हा पाचवा, उजवीकडे पार टोकाला असलेला, त्या हाताला ठाऊकच नव्हता. पलटणीत सगळा जन्म गाड्या चालवलेला माणूस, त्याला आपल्याच गाडीत वाट सापडत नव्हती, कारण त्याच्या पोरानं ती बदलली होती आणि मी ती बदलून दिली होती.

"इकडं, आबासाहेब," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. सगळा जोर लावून दांडा पाचव्यातून काढला आणि थोडा डावीकडे, मधोमध आणला.

तो माझ्या हातातून काढून घेतला गेला.

चौथा. क्लच वर आला, इंजिन किंचाळलं. क्लच खाली. तिसरा. गाडीनं मान टाकल्यासारखं नाक खाली केलं. आणि तेव्हा सहा सिलिंडरचा आवाज गेला. माझ्या पुढ्यातल्या बोनेटखालून तो जुना आवाज येत होता, धग धग धग, सगळा पत्रा थरथरत होता. दुसरा. पहिला. कठडा अगदी समोर आला होता. दोन सीटांमधला हँडब्रेक, कर्र कर्र करत, सावकाश, एखाद्या शिस्तीच्या माणसानं ओढावा तसा वर आला.

गाडी थांबली. बंपर कठड्याला नुसता टेकला होता. ओरखडा नाही.

शंभूराज दार उघडून बाहेर ओकला. मी तसाच बसून होतो. दांड्याच्या मुठीवर कुंकू लागलं होतं.

वाईपर्यंत पहिल्या गिअरात आणली गाडी, मी आणली. स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून कुंडलला फोन लावला. राजनंदिनीनंच उचलला.

"आबा गेले, दादा," ती म्हणाली. "आत्ताच. मी देवापुढं दिवा लावत होते. गोधडीवर हात हलायला लागला. काहीतरी सापडत नव्हतं त्यांना. लय धडपडत होते, कपाळावर घाम. मी म्हटलं, काय पायजे आबा... मग एकदम सापडलं. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. मग त्यांनी ब्रेक ओढला. हात तसाच वर राहिला, आम्ही तो खाली घेतला. तुमी कुठनं बोलताय?"

वाईतनं, एवढं म्हणून मी फोन ठेवला.

शंभूराज बूथबाहेर उभा होता. मी त्याला सांगितलं, तुझा बाप गेला, आणि जाता जाता त्यानं काय केलं तेही सांगितलं. तो म्हणाला, "कुणाला सांगू नका, मिस्त्री. लोक हसत्याल."

तिसऱ्या दिवशी सावडायला मीही गेलो. पाणी शिंपडून राख निवलेली होती. शंभूराज वाकून अस्थी वेचत होता. डाव्या हाताच्या जागी त्याची बोटं थांबली. तो मागे सरकून खालीच बसला. मी पुढं झालो. राखेत पिस्टन होता. आमच्याच इंजिनाचा, चौथ्या सिलिंडरचा, खूण मीच केलेली. बाकीचे तीन त्याच्या कपाटात कुलपात होते, हाही आदल्या दिवसापर्यंत तिथंच होता असं तो शपथेवर सांगत होता. साहेब, पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. चितेत त्याचं पाणी व्हायला पाहिजे होतं. याच्या कडासुद्धा शाबूत होत्या. आणि अंगावर राख चिकटली होती, कारण तो ओला होता. ताज्या ऑइलनं.

तेरावा झाला आणि महिन्याभरात शंभूराज ती गोष्ट सांगायला लागला. मी गिअर उतरवले, मी गाडी थांबवली. ज्या हातानं त्याला दरीच्या तोंडातून मागे ओढलं, त्या हाताचं नावसुद्धा नाही. शर्यतीला गेला नाही तो, गाडीत पुन्हा बसलाही नाही, पण गोष्ट सांगतो. याचा मला राग येतो. मेल्यानंतर माणसाचं काही उरत नाही म्हणतात, पण केलेलं तरी त्याच्या नावावर राहू द्या की.

तो पिस्टन मी आणला आणि ब्लॉकच्या चौथ्या भोकात बसवला. खाली क्रँक नाही, ढकलायला काही नाही. जिथं ठेवला तिथंच राहायला हवा. सकाळी मी तो खाली दाबून ठेवतो. दिवेलागणीला बघावं तर वर आलेला असतो.

तुमच्या गिअरबॉक्समध्ये काहीही बिघाड नाही, साहेब, खोलून बघायची गरज नाही. मला एकच सांगा, पाचव्यातून गिअर सुटतो तो कुठल्या वेळी? ... हां. दिवे लागायच्या वेळी. तेव्हा चौथ्यात चालवत चला. त्यांना तेवढेच ठाऊक आहेत.

आणि तिकडं टेकू नका. ताडपत्रीखाली तेच आहे. या वेळेला भाजतं.